शेंदरी अस्तर

गाडीचे मालक माझ्याशी काहीतरी बोलत होते, पण ग्राइंडर चालू असल्यामुळे मला ऐकू येत नव्हतं. त्यांनी हात वर केला तेव्हा मी बटण बंद केलं.

"घेर नानुं छोकरुं छे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो, घरी दीड वर्षाची मुलगी आहे," मी म्हणालो.

ते वाकून जमिनीवर पडलेली धूळ बघत राहिले.

उधन्याहून सचिन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी सहा वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. वडील धुळ्याकडून इथे लूमवर कापड विणायला आले, मी पत्र्याकडे वळलो. आमच्याकडे येतात त्या सगळ्या नव्या गाड्या. पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा. इतकी जुनी गाडी पहिल्यांदाच आली होती. मालक रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. गाडी त्यांच्या वडिलांची, कित्येक वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी. गोल मडगार्ड, जाड पत्रा. चारही दरवाजे मी काढून लाकडी घोडीवर ठेवले आणि ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. वर पांढरा रंग, त्याखाली हिरवा, मग निळा आणि सगळ्यात खाली पत्र्याला चिकटलेलं शेंदरी अस्तर. तीन दिवसांत दोन दरवाजे लख्ख केले होते. खरं सांगायचं तर मजा येत होती.

"भाई, ये नीचेवाला शेंदूर जैसा रंग देखो," मास्तर म्हणाले. "इसमें सीसा होता है. इसकी धूल बच्चे के पेट में नहीं जानी चाहिए. गलती मेरी है, मुझे पहले बताना था."

माझ्या नाकाला नुसता रुमाल बांधलेला होता. पापण्यांवर, कानांत, कॉलरमध्ये धूळ. याच शर्टात मी तीन दिवस घरी गेलो होतो. मुलगी रोज पायाला येऊन बिलगायची आणि उचलून घेतलं की शर्टाचं बटण चोखायची.

मास्तर गेल्यावर गॅरेजचा शेठ हसला. "साहेब पुस्तकं वाचतात. मी वीस वर्षं घासतोय, काय झालं मला?" असं म्हणून त्याने चहाचा कप उचलला.  माझा चहा मात्र तसाच राहिला.

त्या संध्याकाळी लिंबायतमधल्या आमच्या खोलीत शिरलो, तर मुलगी धावत आली. "थांब!" मी ओरडलो. ती जागच्या जागी थांबली, खालचा ओठ बाहेर आला आणि तिने भोकाड पसरलं. बायकोला म्हणालो, डोकं दुखतंय.

पुढचे चार दिवस मी कुणाला काही बोललो नाही. उरलेल्या दोन दरवाजांना हातही लावला नाही, दुसरी कामं ओढून घेतली. गॅरेजच्या नळावर अंघोळ करायचो, शर्ट स्वतः धुवायचो, ओलाच अंगात घालून घरी यायचो. पाचव्या दिवशी बायकोने शर्ट हातात घेऊन हुंगला.

"माले खरं सांग. दुसरी कोणी शे का?"

मला हसू आलं, पण ते धड बाहेर पडेना. मग मी सगळं सांगून टाकलं. शिसं म्हणजे काय ते मलाही नीट माहीत नव्हतं. मास्तर बोलले तेवढंच सांगितलं. ती खाली बसली.

"पाच दिवस? पोर याच फरशीवर खेळी राहिनी आन् तू माले सांगं नही?"

मग ती उठली. ओल्या फडक्याने खोली दोनदा पुसली, गोधड्या उन्हात टाकल्या, मुलीची खेळणी साबणाने धुतली. मी मदतीला गेलो तर फडकं माझ्या हातातून ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुलीचं आणि माझं रक्त घेतलं. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस मुलीने जे जे केलं त्यात मला आजार दिसला. वरणभात नको म्हणाली, की पोटात गेलं असणार. दुपारी जास्त झोपली, की डोक्यात चढलं असणार. तिला किती शब्द येतात ते मी बोटांवर मोजायचो: आई, बाबा, पानी, काऊ. शेजारच्या तिच्याएवढ्या पोराला जास्त येत होते.

त्याच दिवसांत शेठने उरलेल्या दरवाजांची आठवण केली. मी म्हणालो, "कोरडं घासणार नाही."

"मग कोण घासणार?"

मास्तर तिथेच उभे होते. त्यांनी पिशवीतून रंग सोडवायच्या पेस्टचे दोन डबे काढून बाकावर ठेवले. "इससे निकालो, पानी के साथ. मुझे कोई जल्दी नहीं." शेठ दुसऱ्या गाडीकडे वळला. पेस्ट लावायची, रंग फुगला की लोखंडी पत्रीने ओला खरवडायचा आणि चिखल पिशवीत बांधायचा. जिथे तीन दिवस पुरले होते तिथे आठवडा गेला.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मुलीचं शिसं असायला हवं त्यापेक्षा थोडं जास्त होतं, माझं तिच्याहून बरंच जास्त. "औषधाची गरज नाही. धूळ घरात येऊ देऊ नका. दूध, पालेभाज्या, अंडी द्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"डोक्यावर काही परिणाम होईल का?" बायकोने विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही. पण लवकर कळलं, हे चांगलं झालं."

त्यातलं पहिलं वाक्यच तेवढं मी घरी घेऊन आलो.

तीन महिन्यांनी मुलीचा आकडा उतरला. बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चाल, तिले भूक लागनी व्हई."

गाडी त्याच सुमारास तयार झाली. मास्तरांनी आम्हा तिघांना बसवून डुमसच्या समुद्रावर नेलं. खिडकी उघडी होती, वारा येत होता, मुलगी आईच्या मांडीवर उभी राहून ओरडत होती. मध्येच ती वाकली आणि दरवाजाच्या काठाला तोंड लावायला गेली. आम्ही दोघांनी एकदमच तिला मागे ओढलं.

"नवो रंग छे," मास्तर आरशातून बघत म्हणाले, "कंई नथी एमां."

यात काही नाही, हे पटल्यासारखी बायकोने मान हलवली, तरी काच वर केली.