हात दाबला की तुमची पाळी

शुक्रवारी आमच्या दारात चपला साचतात ना, तसे आमच्या प्रार्थनासभेचे किस्से साचलेत. आपली शोधायला गेलं की दुसऱ्याचीच पायात येते! म्हैसुरात आमची मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच. दर शुक्रवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी जमतो, गाणी म्हणतो, मग गोल बसून, हात धरून प्रार्थना.

नियम एकच. आपली प्रार्थना झाली की शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे पाळी त्याची. बोलायचं नसेल तर गुपचूप पुढच्याचा दाबायचा, कुणी विचारत नाही. मी तर वर्षानुवर्षं नुसती दाबतच आले!

*

हा नियम निघाला तो रूथमावशींमुळे. आमच्यात सगळ्यात वडीलधाऱ्या त्याच. त्यांची प्रार्थना आदामापासून निघायची आणि देवराज मोहल्ल्यात येऊन थांबायची. मध्ये त्यांनी दम घेतला की लोकांना वाटायचं संपली. दुसरं कुणी सुरुवात करायचं, आणि मावशी पुन्हा आदामापासून!

एकदा त्यांच्या टेलरनं ब्लाऊज बिघडवला होता. डोळे मिटून मावशी म्हणाल्या, "प्रभू, त्याला क्षमा कर. पण आधी त्याला बाही उसवायला लाव!"

तोवर स्वयंपाकघरात चहा निवून जायचा. मावशींची प्रार्थना आम्ही चहावरच मोजायचो. "आज कितपत?" कुणी विचारलं की उत्तर यायचं, "बर्फ!"

*

शांतवनकाका बेळगोळच्या कारखान्यात फिटर होते. काका रिटायर झाले, त्यांची पकड नाही झाली!

एका शुक्रवारी चर्चचे पाहुणे पाळकसाहेब नेमके त्यांच्या शेजारी बसले. काकांनी आपलं आटोपलं आणि भक्तिभावानं हात दाबला. पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू झाली ती "आई गं!" अशी.

काका डोळे न उघडता म्हणाले, "आमेन."

*

गंगाक्का आमच्या शेजारी राहतात. ख्रिस्ती नव्हेत. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत शिपाई होते. घरात अजून मराठीच, पण निम्मी कन्नड. एकदा त्या वाटीभर पायस द्यायला आल्या आणि मावशींनी हाताला धरून त्यांना बसवूनच घेतलं.

पाळी आली. हात पुढे दाबून सुटता येतं, हे बिचारीला कुठं ठाऊक! त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "देवा, हे लोक चांगले आहेत. थोडं मोठ्यानं गातात, परवागिल्ला, चालायचंच. त्यांना सुखात ठेव. मत्ते, आणखी एक, माझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी येऊ का?"

सगळे पोट धरून हसले. मला मात्र ते मनाला लागलं. शेजारीण आली, देवाशी चार शब्द बोलून गेलीसुद्धा! आणि मी? जन्म गेला चर्चमध्ये, तरी माझी जीभ टाळ्याला चिकटलेली.

*

येलवालहून परत येताना एकदा बसमध्ये मावशी शेजारी होत्या. न राहवून मी बोलून टाकलं. "मावशी, डोळे मिटले की मला गॅस चालू राहिलाय असं वाटतं. मग नळ आठवतो, मग पोरीची परीक्षा. देव येतच नाही मध्ये. त्याची माझी ओळखच नाही हो!"

"अगं, मग गॅसबद्दल बोल की त्याच्याशी! त्याला काय फक्त स्वर्गातलंच कळतं?"

"माझ्या वतीनं तुम्हीच बोला."

"बोलतेच आहे इतकी वर्षं. पण मी काय जन्माला पुरणार आहे तुला?"

मी हसण्यावारी नेलं.

*

पुढं मावशींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता माझं कोण बोलणार! लाज वाटली, पण आलं ते हेच. भांडं हातात घ्यावं आणि कशाला घेतलं ते विसरावं, असे ते दिवस गेले.

त्या दवाखान्यातून घरी आल्या आणि शुक्रवारची सभा त्यांच्याच पलंगाभोवती भरली. गंगाक्काही आल्या. मावशींचा चांगला हात माझ्या हातात, माझ्या पलीकडे शांतवनकाका. गंगाक्कांनी आपलं थोडक्यात आटोपलं आणि मावशींच्या लुळ्या बाजूच्या खांद्याला हात लावला.

आम्हाला वाटलं, मावशी लगेच पाळी पुढं ढकलतील. कुठलं काय! डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आवाज नाही. पंखा फिरतोय. कुणी हलेना.

"वाचा गेली तरी प्रार्थना आखडती घेतली नाही," काका पुटपुटले.

मावशींच्या सुनेनं वाफाळता चहा आणून स्टुलावर ठेवला. तेवढ्यात मावशींनी माझा हात दाबला. मी सवयीनं काकांचा दाबला. मावशींनी पुन्हा माझा दाबला. मी पुन्हा काकांचा.

काकांनी एक डोळा उघडला. "अगं, किती वेळा? चहा आलाय!"

तिसऱ्यांदा मावशींनी असा दाबला की अंगठी बोटात रुतली. आणि सोडलाच नाही. मी सोडवायला बघतेय, त्या आणखी घट्ट!

"बापा," मी म्हणाले, "घरी गॅस चालू राहिलाय असं वाटतंय..."

पुढं काय काय बोलले ते विचारू नका. सगळ्यांचं आमेन झालं, तेव्हा कुठं मावशींनी माझा हात सोडला. सुनेनं कप वाटले. काकांनी एक घोट घेतला, मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बर्फ!"