टाकी उतरवलेली मोटारसायकल

रस्त्यानं एखादी स्पोर्ट्स बाइक फटफटत गेली की आमची सौ. कानांवर हात ठेवते आणि मी मात्र हसतो. तिला कारण माहीत आहे, त्यामुळे ती आता विचारत नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना हाताळलेलं ते प्रकरण आठवलं, की अजूनही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. मी तेव्हा कडेगावच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कोणाचीच घेत नाही. त्या घरी आज सगळं सुखात आहे आणि ते तसंच राहावं.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक फौजी जवान आपल्या आईला घेऊन उभा होता. आदल्या दिवशी तो न कळवता रजेवर आला होता. घरी पाहतो तर धाकटा भाऊ नाही, आणि शेडमध्ये झाकून ठेवलेली या जवानाची स्वतःची स्पोर्ट्स बाइकही नाही. धाकटा पंचविशीतला, घरचा ऊस बघणारा. मित्राच्या लग्नाला पाटणला जातो, असं आईला सांगून गेला होता. त्या मित्राला विचारलं तर लग्नबिग्न काहीच नव्हतं. धाकट्याचा फोन बंद.

"आवं सायेब, माझं पोरगं माझ्याशी कवा खोटं बोललं न्हाई," आई म्हणाली. "कायतरी वंगाळ झालंय."

आम्ही मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, दाखल केली. वर्णन आणि फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना पाठवले, मोबाइलचं शेवटचं ठिकाण मागवलं. तरणी पोरं रुसून जातात आणि भूक लागली की परत येतात, असा माझा अनुभव. मी आईला तसं सांगितलंही. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

थोड्या वेळानं ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "ती गाडी फाट्यावरच्या गॅरेजात ताडपत्रीखाली हाय. आन् थोरला काल चौकात काय म्हनत हुता, ती बी इचारा जरा." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

निनावी फोनात निम्मी माहिती असते आणि निम्मं जुनं उट्टं. पण निम्म्या माहितीसाठी तरी जावंच लागतं. दोन पंच घेऊन आम्ही गॅरेज गाठलं. ताडपत्री ओढली तर खाली तीच गाडी. सीट काढलेली, पेट्रोलची टाकी उतरवलेली, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या. गाडीशेजारी रक्तानं माखलेलं फडकं पडलं होतं आणि टेबलाच्या खणात बंद करून ठेवलेला धाकट्याचा मोबाइल मिळाला.

पंचनामा लिहून घेताना हवालदार माझ्याकडे बघत होता आणि मी मुद्दाम गाडीकडे बघत होतो.

परत येऊन आधी फौजीला आत घेतलं. चौकात काय म्हणालात, असं विचारल्यावर त्यानं मान खाली घातली.

"सापडू दे, तंगडंच मोडतो, असं म्हनलो. लय राग आला हुता सायेब. गाडीला हात लावू नगं म्हनून बजावलं हुतं त्येला."

"फाट्यावरच्या गॅरेजात गेला होतात?"

"न्हाई. गाडी तितं हाय, ह्ये आत्ता तुमच्याकडनंच कळालं."

फडक्याचं सांगितलं तेव्हा तो गडी खुर्चीतल्या खुर्चीत खचला. तोवर बातमी फाट्यावरून ठाण्याच्या फाटकापर्यंत पोचली होती. त्याला बाहेर आणलं तर आई बाकावरून उठली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू काय केलं न्हाईस न्हवं रं?"

मी पुष्कळ रडारड पाहिली आहे, पण त्या माणसाचा तेव्हाचा चेहरा मला बघवला नाही. सीमेवर उभा राहणारा माणूस आईच्या त्या एका प्रश्नानं पार विझून गेला. धाकटा जिवंत सापडला नसता, तर या बाईचे दोन्ही मुलगे एकदमच गेले असते. तपास कुठंही जावो, हा प्रश्न त्या घरात कायमचा राहिला असता.

सगळी भिस्त आता सोबत ठाण्यात आणलेल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीवर होती. तो धाकट्याचा वर्गमित्र, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून आलेल्या मेंढपाळ घरातला. वडील अजून मेंढरं राखायचे, यानं पाना धरला होता. बोलायला एक नंबर. गाडी आत येईपर्यंत निम्म्या तालुक्याची खबर सांगून मोकळा होईल, अशी त्याची ख्याती. आणि तोच मिस्त्री माझ्यासमोर तोंडात गुळणी धरून बसला होता.

"तो कुठं आहे?"

"बरा हाय सायेब."

"बरा आहे, पण कुठं आहे?"

"ती सांगता याचं न्हाई."

दरडावून झालं, समजावून झालं, चहा पाजून झाला. बरा आहे असं तर प्रत्येक आरोपी म्हणतो. त्यावर मी काय म्हणून विश्वास ठेवावा? शेवटी तो कळवळून म्हणाला, "सायेब, बेलभंडारा उचललाय मी. कुठं गेलाय ती कुणाला सांगनार न्हाई म्हनून. माझं तोंड लय चालतं, म्हनून त्येनं भंडाराच उचलाय लावला."

आमचा हवालदार त्याच भागातला. त्यानं मला बाहेर नेलं. "सर, आता ह्यो बोलत न्हाई. कोर्टात उभा केला तरी बोलायचा न्हाई. देवाचा भंडारा हातात घिऊन दिलेला शब्द हाय. ज्येनं घ्याय लावला त्येनंच सोडवाय पायजे."

ज्यानं घ्यायला लावला तोच हरवलेला. मी व्हरांड्यात उभा राहून विचार केला. शपथ माणूस कुठं गेला याची होती, गाडीची नव्हती. आणि बोलक्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं, हे मी माझ्याच कार्यालयात रोज बघत होतो. आत गेलो, खुर्ची त्याच्या बाजूला ओढली आणि म्हणालो, "ते राहू दे. मला एवढंच सांग, त्या गाडीचं तुम्ही नेमकं काय करत होता?"

त्याचा बांध फुटला. थोरल्यानं मागच्या रजेत मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, तेव्हापासून गाडी हळू चालवताना झटके द्यायची. थोरला दर फोनवर त्याबद्दल कुरकुरायचा. त्यावर इलाज म्हणजे एक मॉड्यूल, इंजिनाला पेट्रोल किती मिळावं ते नीट ठरवणारी हातभर वायरींची छोटी डबी. धाकट्यानं ती गुपचूप मागवली. दादा रजेवर यायच्या आत बसवायची आणि त्याला एकदम चकित करायचं, असा बेत.

"मग अडलं कुठं?"

"टाकी उतरवली. आत पेट्रोल सोडनाऱ्या इंजेक्टरचा प्लग असतुया, डबी तितंच जोडायची. त्येचं लॉक दाबून मग काडायचा. मी म्हनलं, थांब गड्या, मी काडतो. ह्येनं दिला हिसका. प्लग तुटून हातात आला आन् पत्र्यानं अंगठा कापला. लय रगात आलं. आता त्यो प्लग गावल्याबिगर गाडी चालू हुईत न्हाई. कंपनीकडनं याला लय दीस लागत्यात. ह्या मॉडेलच्या गाड्या आपल्याकडं हायत्या किती? एक ही, आन् दुसरी लोणंदच्या बाजूला पडून भंगारात गेलेली..."

"मग त्या भंगारातल्या गाडीचा प्लग चालेल की!"

मिस्त्रीचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं. तो जमिनीकडे बघू लागला. त्याच्या त्या गप्प बसण्यानं मला माझं उत्तर मिळालं.

लोणंदला ओळखीचा अधिकारी होता. त्याला फोन केला आणि वाट बघत बसलो. बाहेर बाकाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला थोरला, मधली जागा रिकामी. तेवढ्यात फोन आला. भंगारवाल्याच्या बंद फाटकाबाहेर अंगठ्याला पट्टी बांधलेला एक पोरगा बसला आहे. मालक परगावी गेलाय, आणि आपण हललो तर ती गाडी कोणीतरी तोडून नेईल, या भीतीनं तो जागचा हलायला तयार नाही.

मी बाहेर जाऊन सांगितलं. आई खाली बसली ती बसलीच. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते. मी आत येऊन दार लावलं आणि पाणी प्यायलो. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले होते.

दिवस मावळायच्या आत धाकटा जीपमधून उतरला. मोबाइल गॅरेजात का ठेवलास, असं मी विचारलं. "दादाचा फोन आला असता तर खोटं बोलाय जमलं नसतं सायेब. म्हनून फोन तितंच ठिवला, आन् आईला लग्नाचं सांगून सटाकलो."

थोरला त्याच्यासमोर आला. तंगडं मोडायचं राहिलंच. त्यानं भावाचा हात उचलून पट्टी बघितली. "टाकं घातलंस का रं? का नुसतंच बांदलंयस?"

आई दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि तिनं आधी थोरल्याच्या तोंडावरून हात फिरवला. पुढं ती गाडी दुरुस्त होऊन, मॉड्यूल बसवून, एकही झटका न देता ठाण्यासमोरून गेली. सायलेन्सरचा दंड मी सोडला नाही, ती गोष्ट वेगळी.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणसाला कोंडीत धरून जे मिळत नाही, ते त्याच्या कामाबद्दल आस्थेनं विचारलं की मिळतं. आणि न बोलणारा प्रत्येक जण गुन्हाच लपवत असतो, असंही नाही. कोणी दिलेला शब्द राखत असतो.

त्या संध्याकाळी मिस्त्री मात्र अजून आतच बसून होता. झालं तुझं, जा घरी, असं मी म्हणालो तरी तो उठेना. धाकट्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "सोडवला गड्या."

मग मिस्त्री ताठ बसला आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडे न बघता मला म्हणाला, "आता इचारा सायेब, कुठं गेला हुता त्यो."

मी हवालदाराला कागद घ्यायला सांगितलं आणि विचारलं.