जज्जाची आगटी

"कसं काय चाललंय?" असं जज्जानं विचारलं आणि तुम्ही "बरं चाललंय" म्हणालात, की तो तुमच्यावर उखडायचा. "हे पोस्टमनला सांग. मला खरं सांग," म्हणायचा आणि समोर मांडी ठोकून बसायचा. मग खरं ऐकल्याशिवाय हा गृहस्थ उठत नसे. पुण्याला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या कितीतरी पोरांनी घरची रडगाणी, परीक्षेतले गोंधळ, मोडलेल्या सोयरिकी त्याच्यापुढे ओतल्या त्या या एका वाक्यापायी. मीही ओतल्या. त्याच्याशी बोलून आलं की जेवण बरं जायचं.

जज्ज हे नाव आम्हीच ठेवलेलं. खोल्याखोल्यांतली भांडणं त्याच्याकडे यायची. आंघोळीच्या पाण्यावरून जुंपलेली असो की उशीवरून, तो खाटेवर धोतराचा सोगा सावरून बसायचा, दोन्ही बाजू ऐकायचा आणि निकाल द्यायचा. नियमाचा शब्द न शब्द पाळायची त्याला भारी हौस. ताटात दुसऱ्यांदा तूप वाढायचं नाही असा खाणावळीत नियम झाला, तेव्हा या पठ्ठ्यानं पहिल्याच खेपेला वाटी पुढे केली आणि काठोकाठ भरून घेतली. "नियम खेपांचा आहे, तुपाचा नाही," असं आचाऱ्यालाच ऐकवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. त्या हुशारीचं तेव्हा आम्हाला कोण कौतुक!

बोलायचाही फर्डा. वादसभेत पुनर्विवाहाचा विषय होता. मागच्या बाकावरून कोणीतरी विधवांवर काही अचकट विचकट बोललं, तेव्हा व्यासपीठावरून उतरून हा सरळ त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, "तुझ्या बहिणीचं नाव घालून हेच वाक्य परत म्हण." त्या संध्याकाळी आम्ही त्याला खांद्यावर घेऊन वसतिगृहात आणलं होतं. त्यात माझाही खांदा होता.

पुढं आम्ही पांगलो. एक जण बार्शीला डॉक्टर झाला, हणमंतराव अक्कलकोटला संस्थानच्या नोकरीत लागला. जज्ज आणि मी सोलापूरचे. तो वकिली करू लागला, मी हायस्कुलात गणित शिकवू लागलो. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उलगली, की पुढच्या रविवारी चौघांनी जज्जाच्या शेतावर हुरड्याला जमायचं, हे त्यानंच ठरवून टाकलं. अक्कलकोटच्या रस्त्याला त्याची जमीन होती. म्हादबा नावाचा त्याचा राखणदार पहाटेच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवून ठेवायचा. आमचा टांगा बांधाशी आला की ओरडायचा, "या की वो मास्तर! इस्तू निवाय लागलाय." मग भाजलेली कणसं तळहातावर चोळायची, शेंगाची चटणी, गूळ आणि कवडीचं दही घ्यायचं आणि ऊन चढेपर्यंत बोलत बसायचं.

पहिल्याच वर्षी जज्जानं तिथला कायदा केला. "आगटीवर जे बोललं जाईल ते इथून बाहेर न्यायचं नाही. बायकोजवळसुद्धा नाही."

"बायकोचं लई सोपं हाय की," हणमंतराव म्हणाला. "आपण सांगितलेलं ती कुठं ऐकून घेती!"

आम्ही तो कायदा पाळला. डॉक्टरला एका डोळ्यानं दिसेनासं झालं, हे त्याच्या रोग्यांना कळायच्या कितीतरी आधी आम्हाला माहीत होतं. ते कोणाच्या तोंडून बाहेर गेलं नाही. आमची पोटं सुटली, केस पिकायला लागले, डॉक्टर आजोबा झाला, पण आगटीपाशी बसलो की आम्ही पुन्हा वसतिगृहातले होत होतो. वर्षभर जे गिळून ठेवलेलं असे, ते मी त्या रविवारसाठी राखून ठेवत असे.

माझी बायको गेली त्या वर्षी जज्ज रोज संध्याकाळी कोर्टातून परस्पर माझ्याकडे यायचा. आम्हाला मूलबाळ नव्हतं, घर खायला उठायचं. तो कोट खुंटीला अडकवायचा, चूल पेटवून स्वतः पिठलं टाकायचा, आणि मी चार घास खाल्ल्याशिवाय घरी जायचा नाही. त्याच्या पिठल्यात गुठळ्या असायच्या आणि मीठ हटकून जास्त. त्याचं हे करणं मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं.

काही वर्षांनी आगटीपाशी मी त्यांना यमुनाबाईंविषयी सांगितलं. त्या मुलींच्या शाळेत शिकवत. बालविधवा. म्हातारी आई त्यांच्याच पगारावर जगत होती. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं. पण सोलापुरात हे कळलं असतं तर शाळेच्या मंडळानं त्यांना उभ्या उभ्या घरी बसवलं असतं. म्हणून पुण्याच्या बाजूला दोघांनाही नोकरी मिळेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी त्यांची अट होती. मित्रांना सांगायला मात्र त्यांनीच परवानगी दिली. "तुम्ही त्यांच्याविषयी इतकं बोलता, त्यांच्यापासून काय लपवायचं?" म्हणाल्या.

जज्जानं मला मिठीच मारली. "लग्न माझ्या शेतात! मांडव मी घालणार," असं ओरडला. म्हादबाला काही कळलं नाही, पण मालक खूश म्हणून त्यानं आणखी कणसं विस्तवात सारली.

वर्ष गेलं. पुण्याच्या एका शाळेशी आम्हा दोघांच्या नोकरीविषयी बोलणं बरंच पुढं गेलं होतं. इकडे जज्जाच्या थोरल्या मुलीची सोयरीक दादासाहेबांच्या पुतण्याशी जमत आली होती. दादासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, आणि यमुनाबाईंच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. स्थळ मोठं, मुलगी सुखात पडेल, म्हणून मलाही आनंदच झाला होता.

त्या हुरड्याला जज्जाच्या टांग्यातून दादासाहेब उतरले. जज्जानं त्यांना आगटीजवळ घोंगडीवर बसवलं, स्वतःच्या हातानं कणसं चोळून दिली. व्याही होणार म्हणून आणलं असेल, असं आम्ही समजलो आणि जरा सावरून बोलू लागलो. दादासाहेबांनी हुरड्याची तारीफ केली. मग जज्ज माझ्याकडे वळला.

"मास्तर, कसं काय चाललंय?"

"बरं चाललंय," मी म्हणालो, आणि डोळ्यांनी त्याला खूण केली.

ती त्याला दिसली. मला पक्कं ठाऊक आहे, दिसली. तो हसला. "हे पोस्टमनला सांग. मला खरं सांग. यमुनाबाईंशी लग्न कधी लावतोयस?"

दादासाहेबांचा हात तोंडाशीच थांबला. "कोण यमुनाबाई? आमच्या शाळेतल्या?"

नाही म्हणणं मला जमलं नसतं, आणि नाही म्हणून त्या बाईचा अपमान करायचा नव्हता. "होय," म्हणालो. दादासाहेबांनी पंच्याला हात पुसले आणि टांगा जोडायला सांगितला. डॉक्टर चांगल्या डोळ्यानं जज्जाकडे बघत राहिला. म्हादबा तेवढा बोलला, "मास्तर, कणीस करपलं की वो."

बांधावर मी जज्जाला गाठलं.

"मी एक शब्द बाहेर नेला नाही," तो म्हणाला. "आगटीवरचं आगटीवरच बोललो. कायदा मोडला असेल तर दाखव."

"बाहेरच्याला तू आत आणलंस."

"बाहेरच्याला आणू नये असं कुठं ठरलं होतं?"

हाच तो, ज्याच्या तुपाच्या वाटीला आम्ही हसलो होतो. मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. त्याला ते दिसलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला. "अरे, तुझं लग्न झाल्यावर त्यांना कळलं असतं, की यात मीही होतो, तर माझ्या पोरीचं मोडलं असतं. मला पोरगी आहे, मास्तर. तुला नाही कळायचं." मला मूलबाळ नाही, हे तो मला असं ऐकवेल हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

यमुनाबाईंना शाळेतून काढलं. पुण्याच्या शाळेपर्यंतही बातमी पोचली आणि तिथलं बोलणं थांबलं. मी म्हणालो, माझ्या पगारात तिघं राहू. पण माझीही नोकरी डळमळू लागली होती आणि त्यांच्या आईनं अंथरूण धरलं होतं. धारवाडच्या भावानं दोघींना आसरा देऊ केला, तो पुनर्विवाहाचं नाव काढायचं नाही या अटीवर. स्टेशनावर मी पोचवायला गेलो. "तुमचा राग नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जज्जांविषयी सांगायचात ना, तेव्हा मला वाटायचं, आपल्यालाही असं एखादं माणूस असावं." गाडी सुटली. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही.

जज्जाच्या मुलीचं लग्न थाटात झालं. अक्षत आली, मी गेलो नाही. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर आला नाही, हणमंतरावही आला नाही. हुरडा मोडला तो मोडलाच. माझी नोकरी तेवढी राहिली. नवीन मित्र करायचं वय राहिलं नव्हतं आणि हिंमतही नव्हती.

बऱ्याच वर्षांनी, जत्रेनंतरच्याच एका रविवारी, जज्ज दुपारी माझ्याकडे आला. मान हलत होती, हातात कणसांची पिशवी होती. खुंटीकडे त्यानं एकदा पाहिलं, पण कोट अडकवला नाही. टोपी काढून शेजारी ठेवली. म्हादबा गेल्याचं सांगितलं. मग जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "कसं काय चाललंय?"

"बरं चाललंय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. ते वाक्य आता येईल, म्हणून मी वाट पाहिली. खरं सांगतो, त्यानं ते म्हटलं असतं तर मी सगळं बोललो असतो. शिव्या दिल्या असत्या, रडलोही असतो, आणि मग कदाचित चूल पेटवून दोघांपुरतं पिठलं टाकलं असतं.

त्यानं टोपी उचलली. "कोवळी आहेत, आजच भाज," एवढं म्हणून तो पायऱ्या उतरून गेला.