मंजूषाबाईंचा वर केलेला हात

मुलाची भीती अंगात नेमकी कुठे बसली आहे, हे मंजूषा भुसारी त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत ओळखत. कुणाची गुडघ्यात असे, कुणाची मानेत. "तुझी खांद्यात आहे बघ. उतरव ते खांदे, ओझं कुणी दिलेलं नाही तुला," असं त्या हळूच म्हणत आणि मुलगा हसून खांदे सोडे. मधुरा डहाकेची भीती तिच्या उजव्या अंगठ्यात होती. बोलायला उभी राहिली की ती अंगठा मुठीत दाबून धरी, नख पांढरं पडेपर्यंत. "असू दे," बाई म्हणाल्या. "अंगठ्यात आहे तोवर आवाजात उतरणार नाही."

बाईंची स्वतःची भीती मात्र अंगभर होती. प्राचार्यांकडे काम असलं की त्या दारापर्यंत जात, परत येत, मग पुन्हा जात. रस्ता ओलांडताना कुणीतरी पुढे असलेलं त्यांना बरं वाटे. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले. नेहरू नगरातल्या त्या घरात फक्त वडील बोलत आणि बाकीचे ऐकत. अशा घरातली मुलगी पुढे इंद्रपुरीजवळच्या शाळेत हिंदी शिकवू लागली आणि वादविवादाचा वर्ग तिच्याकडे आला, कारण दुसरं कुणी तो घ्यायला तयार नव्हतं. मी त्याच शाळेत भूगोल शिकवत असे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर वरच्या मजल्यावरच्या लांब वर्गात त्यांचा तास चाले. मुलं बहुतेक जवळच्या कारखान्यातल्या कामगारांची. डब्यातून चिठ्ठी काढायची, त्यावर 'पक्ष' किंवा 'विपक्ष' असेल ती बाजू घ्यायची. मन काय म्हणतं ते घरी ठेवायचं. पण प्रत्येक भाषणात एक गोष्ट घरातली हवी, खरी हवी. त्याला मुलं 'घरचं एक' म्हणत. "पेपरातलं सगळेच सांगतात," बाई म्हणत. "तुझ्या घरात काय झालं ते तूच सांगू शकतोस." मूल बोलायला लागलं की त्या सर्वांत मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहत. ऐकू आलं नाही तर काही न बोलता हात वर करत. हात वर असेपर्यंत तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणायचं. ऐकू आलं की हात खाली. आणि स्पर्धा झाली की पुढच्या शनिवारी 'उलट फेरी': ज्याने जी बाजू मांडली त्याने तिच्या विरुद्ध बोलायचं, नवं 'घरचं एक' घेऊन.

मधुरा दहावीत होती तेव्हाची ही गोष्ट. मी निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. गणपती तोंडावर आले होते. अरेरा कॉलोनीतल्या एका शाळेत आंतरशालेय स्पर्धा झाली. विषय होता, 'उत्सवों में डीजे पर पूरी रोक लगनी चाहिए'. मधुराला पक्ष आला आणि ती पहिली आली.

संध्याकाळपर्यंत तिच्या भाषणाचा एक तुकडा इंद्रपुरीतल्या मराठी गणेश मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. कुणीतरी प्रेक्षकांतून मोबाइलवर घेतलेला. विषय नाही, पक्ष-विपक्ष नाही, फक्त मधुरा: "पिछले साल मेरे दादाजी पलंग पकड़कर बैठे थे, कानों में रुई ठूँसकर. मेरे पिताजी मंडल के सचिव हैं. वे बाहर ट्रक के आगे नाच रहे थे. माँ ने खिड़की से कितनी आवाज़ें दीं. उन्होंने नहीं सुनीं." खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सचिवजी के घर की आवाज़'. त्याखाली हसणारे चेहरे, आणि मग हसू नसलेले शब्द.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना गेटसमोर दोन मोटरसायकली उभ्या होत्या. त्यांवरची पोरं कुणाला काही बोलली नाहीत. मधुरा बाहेर आली तशी एकाने गाडी सुरू केली आणि तिच्या मागून, चालण्याच्या वेगाने, वळणापर्यंत आणली. पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मधुरा शाळेत आली नाही.

बाईंनी मला फोन केला. "माझ्याबरोबर डहाक्यांकडे चलाल का?" आवाज इतका बारीक, की मला दोनदा विचारावं लागलं.

दार मधुराच्या आईने, सुधाने उघडलं आणि आम्हाला आत घेऊन लगेच कडी लावली. पलंगावर आजोबा, शांतारामजी, बसले होते. हृदयाचे जुने पेशंट. त्यांचा मुलगा जयंत, मधुराचा बाप, पाळीवरून नुकताच आला होता. अंगावर कारखान्याचाच शर्ट. मोबाइल समोर उलटा ठेवलेला, आणि तो सारखा थरथरत टेबलावर सरकत होता.

"जयंतजी," बाईंनी सुरुवात केली, "ही बाजू तिने निवडलेली नव्हती. चिठ्ठीत आली होती. तिला विपक्ष आला असता तर ती डीजेच्या बाजूने बोलली असती."

"समजलं," जयंत म्हणाला. "विषय शाळेने दिला, बाजू चिठ्ठीने दिली. आणि माझ्या बापाच्या कानातला कापूस, तोही चिठ्ठीत होता का, मॅडम?"

 बाईंच्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं गेलं, सुटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मी मागितलं होतं. घरातलं खरं सांग म्हणून."

"खरं," जयंत म्हणाला. "ड्यूटीवर माणसं मला विचारतात, अरे, बीवी की आवाज़ सुनी क्या? दिवसभर."

"जयंता, खोटं काय बोलली पोर?" आजोबा म्हणाले.

"तुम्ही औषध घेतलं का?" एवढंच जयंत बोलला.

तेवढ्यात दार वाजलं. सुधा जागची हलली नाही. जयंतनेच उठून उघडलं. मंडळाचे अध्यक्ष प्रसाद ठोंबरे होते, हातात पेढ्यांचा पुडा. "पोरगी पहिली आली म्हणे. तोंड गोड करायला आलो." ते हसत बसले, पेढे सगळ्यांना दिले, आणि बाईंकडे वळले. "मॅडम, आमचा पुतण्या तुमच्याच वर्गात होता. तुमच्याकडे ते असतं ना, उलट फेरी? रविवारी मंडळाची बैठक आहे. तिथे होऊन जाऊ द्या. मधुरा बेटा दुसरी बाजू बोलेल, पोरं ऐकतील, विषय संपेल. नाहीतर पोरं तरुण आहेत, जयंतभाऊ. मी किती जणांना थांबवू?"

"होईल," मंजूषाबाई म्हणाल्या. इतक्या पटकन, की मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हातातला पेढा तसाच होता.

ठोंबरे गेल्यावर मधुरा आतल्या खोलीतून आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मॅम, ही उलट फेरी नाही," ती म्हणाली. "ये तो माफ़ी है."

"बाळा, ती पोरं गेटवर उभी असतात."

"मला माहीत आहे. माझ्याच मागे असतात."

बाईंनी हातातला पेढा टेबलावर ठेवला. मग बाई म्हणाल्या, "मी घाबरून हो म्हटलं. आता असं करू. माफी मागायची नाही. पण उलट फेरी खरी करू, शनिवारी करतो तशी. डीजेच्या बाजूने तुझ्याकडे घरातलं खरं काही आहे का? नसेल तर जाऊ नकोस. मी जाऊन सांगेन."  त्या सांगू शकतील असं तिथे कुणालाच वाटलं नाही, त्यांना स्वतःला तर नाहीच.

मधुराने वडिलांकडे बघितलं. जयंत भिंतीकडे बघत होता.

"आहे," ती म्हणाली.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरून माणसं मागे उभी होती. ती मोटरसायकलवाली पोरं दाराशीच. त्यांच्यामधून आत जाताना बाईंनी माझं मनगट धरलं.  आम्ही पहिल्या रांगेत बसलो. जयंत एका कडेला, मान खाली घालून. किती तरी मोबाइल वर आले होते.

मधुरा उभी राहिली. अंगठा मुठीत गेला.

ती हिंदीतच बोलली, चांगली बोलली. वर्षभर एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं त्या एका दिवशी एका रस्त्यावर येतात, असं म्हणाली. मग 'घरचं एक' आलं. "मेरे पिताजी बहुत कम बोलते हैं. फ़ैक्टरी से आते हैं, खाना खाते हैं, सो जाते हैं. मैंने उन्हें साल में एक ही दिन हँसते देखा है. उस ट्रक के आगे. उस दिन वे किसी और के नहीं, अपने होते हैं. वह दिन उनसे कोई छीने, यह मुझे अच्छा नहीं लगेगा."

जयंतने मान वर केली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, शिट्ट्याही. ठोंबरे उठून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"शाब्बास. म्हणजे त्या दिवशीचं सगळं मागे घेतलं ना, बेटा? सगळ्यांसमोर सांगून टाक."

मधुराचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही.

"घेतलं म्हणते," ठोंबरे हॉलला म्हणाले. "चला, विषय संपला."

पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारची खुर्ची हलली. मंजूषाबाई उठल्या होत्या. मला वाटलं, त्या मधुराला घेऊन बाहेर पडणार. पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. मधल्या वाटेने त्या मागे निघाल्या, उभ्या माणसांच्या गर्दीत शिरल्या. कुणी वाट दिली, कुणी दिली नाही. एक पोरगा मुद्दाम आडवा उभा राहिला. त्याच्या कडेने, भिंतीला घासत, त्या पुढे सरकल्या. पदर कशात तरी अडकला, त्यांनी तो ओढून सोडवला. शेवटच्या भिंतीशी पोचल्यावर त्या वळल्या आणि त्यांनी हात वर केला. 

त्याचा अर्थ हॉलमध्ये फक्त त्यांच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक होता. ठोंबऱ्यांचा पुतण्या दाराशी उभा होता. त्याने मोबाइल खाली घेतला.

"मी मागे घेतलेलं नाही," मधुरा म्हणाली.

हात वरच राहिला.

"मी मागे घेतलेलं नाही. दोन्ही माझ्याच घरातलं आहे. दोन्ही खरं आहे."

आता ते सगळ्यांना ऐकू आलं. टाळ्या विरत विरत थांबल्या. बाईंचा हात खाली आला.

"ही काय पद्धत झाली, मॅडम?" ठोंबरे म्हणाले. आता ते हसत नव्हते. मागून कुणी तरी म्हणालं, "सचिवजी, सँभालो." जयंत उठला. तो ठोंबऱ्यांच्या दिशेने निघाला. पण त्याने फक्त मधुराच्या खांद्यावर हात ठेवला, तिला घेऊन मागच्या भिंतीपर्यंत गेला, बाईंना म्हणाला, "चला, मॅडम, सोडतो तुम्हाला." आम्ही चौघं त्या दारातून बाहेर पडलो. पोरं बाजूला झाली, पण जेमतेम. रिक्षा मिळेपर्यंत आमच्यापैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही.

सचिवपद दुसऱ्या कुणाला दिलं गेलं. शाळेकडे मंडळाचं एक निवेदन आलं, आणि प्राचार्यांनी बाईंना विषय जपून निवडायला सांगितलं. मोटरसायकली कधी गेटवर असत, कधी नसत. नसत तेव्हा जास्त भीती वाटते, असं बाई म्हणाल्या.

विसर्जनाच्या संध्याकाळी त्या कुणी न बोलावता डहाक्यांकडे जाऊन बसल्या, आणि जाताना मलाही घेऊन गेल्या. ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हाच खिडकीच्या काचा बोलू लागल्या. मग ताटाळ्यातली ताटं, मग पलंग. डहाक्यांच्या घरासमोर येऊन ट्रक थांबला. दुसऱ्या कुठल्याच घरासमोर तो इतका वेळ थांबला नव्हता. सुधाने दिवे घालवले. मधुरा आजोबांच्या पाठीशी बसली होती, अंगठा मुठीत. बाईंनी आजोबांची नाडी धरली होती, पण बोटं त्यांचीच इतकी हलत होती की ठोके मोजता येत नव्हते.

आजोबांनी उशाखालचा कापूस काढला, दोन बोळे वळले आणि बाईंच्या तळहातावर ठेवले. त्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण ते काय म्हणाले ते उघडच होतं. घाला.

जयंत बाहेर पायरीवर एकटा उभा होता. समोर ओळखीची पोरं नाचत होती, त्याला हातांनी खुणावत होती, चल म्हणून, की हिंमत असेल तर ये म्हणून, ते सांगता येत नव्हतं. सुधाने खिडकीतून त्याला हाक मारली. त्या आवाजात हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण तो ट्रककडे पाठ करून उभा होता, आणि खिडकीकडेच बघत होता.