पात्यावरची वाफ

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही सायन्सला. गावात कुणाला काही ‘दिसलं’ की मी विषय बदलायचो. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास बसलाय, असं म्हणवत नाही. जे झालं ते तसंच सांगतो.

साल २०१६. मस्कतजवळ अल अमेरात. बाबा तिथे कासमचाचांच्या हार्डवेअरच्या दुकानात अठरा वर्षं नोकरीला होते. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. सेमिस्टरच्या सुट्टीत मी व्हिजिट व्हिसावर बाबांकडे गेलो होतो. चाचांनी नुकताच जुन्या जपानी तलवारी जमवायचा नाद लावून घेतला होता. तीन झाल्या होत्या, रीतसर कागदपत्रांसकट.

“घरात एक सुरी धड कापत नाही नि हा तलवारी आणतोय, असं तुझी चाची म्हणते,” ते मला म्हणाले. “तुझा हात हलका आहे. यांचं तेलपाणी तू कर.”

दुकानामागे एक बिनखिडकीची खोली होती. एसी आणि हवेतली ओल शोषणारं मशीन कायम चालू. जुनं तेल मऊ कागदाने पुसायचं, दगडाची बारीक भुकटी लावून परत पुसायचं, मग लवंगेच्या वासाचं तेल फिरवायचं. तोंडाला फडकं बांधायचं, कारण श्वासाची वाफ लागली तरी पोलाद डागाळतं. मोबाईल बाहेर ठेवायचा. आणि मुठीच्या आत जो पात्याचा भाग असतो, त्याला हात लावायचा नाही. का, ते मी विचारलं नाही... नाजूक काम असेल असं वाटलं.

मग खंडेनवमी आली. बाबांनी दुकानातले पाने, पक्कड, ड्रिल मशीन सगळं घासूनपुसून हळदकुंकू लावलं. गंजलेलं हत्यार आमच्याकडे पूजेला ठेवत नाहीत. मला वाटलं, या तर खऱ्या तलवारी, यांनी काय पाप केलंय? मी सर्वांत जुन्या तलवारीची बांबूची खीळ काढली, मूठ उतरवली. आतला भाग काळा-तांबूस गंजलेला होता, त्यावर कसलीशी अक्षरं. पॉलिश पेपर घेऊन मी तो चांदीसारखा लख्ख केला, फूल वाहिलं, नमस्कार केला, मूठ परत बसवली.

संध्याकाळी चाचा कुणाशी तरी फोनवर बोलत होते. “आतला गंज म्हणजे तिची जन्मपत्रिका. किती जुनी, कुणी घडवली, सगळं त्यावरनं कळतं. तो घासला की खलास.”

अक्षरं जवळजवळ गेली होती. सांगितलं तर बाबांची नोकरी जाईल, हेच डोक्यात. मी खोलीचं दार लोटलं नि बाबांबरोबर जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी, दुपारचे दोन-अडीच. दुकान बंद, सगळे झोपलेले. मी खोलीत त्याच तलवारीला तेल लावत होतो. पात्यावर नाण्याएवढी वाफ धरली. विरली. परत धरली. मी फडकं चाचपलं, घट्ट होतं. श्वास रोखून धरला... तरी वाफ येत होती, जात होती. माझ्यापेक्षा संथ कुणीतरी श्वास घेत असल्यासारखी.

तलवार ठेवून दाराकडे धावलो. त्या दाराला कडी नाही, कुलूप नाही, नुसतं ढकलायचं. ढकललं. हललं नाही. खांदा लावला. भिंतीला ढकलावं तसं. ओरडलो, हात दुखेपर्यंत दार बडवलं. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती.

मग दार बाहेरून उघडलं. दारात बाबा.

“सुन्या?” त्यांनी हाक मारली. मी म्हटलं, “ओ बाबा.” त्यांची नजर माझ्यावरून खोलीभर फिरली. “सुन्या, अरे आहेस का?” मी पुढे झालो, तोवर त्यांनी दार लोटून दिलं. मी ढकललं... परत भिंत.

नंतर किती वेळ गेला माहीत नाही. खाली बसलो आणि रडत म्हणालो, “मी घासलं. पूजेसाठी घासलं. चाचांना सांगतो.” कुणाला म्हणालो, तेही माहीत नाही. जरा वेळाने दाराला टेकलो, तर ते सहज उघडलं.

बाबा बाहेर शटर वर करत होते. चार वाजले होते.

“कुठे उंडारत होतास? तीनला खोलीत बघून गेलो, हाका मारल्या.”

“इथेच होतो,” एवढंच म्हणालो.

त्याच संध्याकाळी चाचांना सांगितलं, घासल्याचं फक्त. त्यांनी मूठ उतरवली आणि ते लख्ख लोखंड दिव्याखाली धरून अक्षरं शोधली.

“बापाला माहीत आहे?”

“नाही.”

“मग नको सांगूस. त्याला खाली मान घालायला लागेल. उद्यापासून तू काउंटरला बस.”

दार मी नंतर दहादा तपासलं. बिजागऱ्या ठीक, चौकट ठीक. घाबरून भास झाला असेल, हे मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलंय. पण मग बाबा खोलीत येऊन हाका मारून गेले, हे मला त्यांनी सांगायच्या आधी कसं कळलं?

बाबा अजून तिथेच आहेत. फोनवर कधी आवाज तुटला की ते “सुन्या, आहेस का?” म्हणतात. मी ओ देतो आणि त्यांचा पुढचा शब्द येईपर्यंत जागचा हलत नाही.