पळणाऱ्याचा तुकडा

"पळाला रे पळाला! धरा त्याला!"

पुढच्या रांगेतून एक आवाज उठायचा आणि मग अख्खं थिएटर त्याला साथ द्यायचं. शिट्ट्या, पाय आपटणं, कुणाच्या तरी आईबापाचा उद्धार. बाल्कनीतल्या शहाण्यासुरत्या बायकासुद्धा "मेल्या, लाज नाही वाटत!" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

पडद्यावर फार जुन्या काळातलं युद्ध चाललेलं असायचं. शत्रूचं अफाट सैन्य नदीपर्यंत आलेलं, गावातली बायकापोरं मागे डोंगराकडे निघालेली आणि मध्ये एक दगडी पूल. पुलाच्या तोंडाशी मूठभर सैनिक ढाली टेकवून उभे. यातला एकही घरी जाणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि तिकीट काढून आलेल्यांनाही. सेनापती मान वर करून म्हणायचा, "आजच्या दिवस हा पूल आपला आहे," की टाळ्यांचा कडकडाट. पांढऱ्या दाढीचा सैनिक छातीवर भाला झेलून कोसळायचा, की हुंदके. आणि लढाई ऐन रंगात आलेली असताना एक कोवळा पोरगा ढालीशिवाय पळत सुटायचा. नदीकाठाने, वाळू तुडवत, एकदाही मागे वळून न बघता.

तिथे ही हुर्यो.

माझे थोरले मामा त्या थिएटरचे डोअरकीपर. त्यांना मीच काय, मॅनेजरपासून फुगेवाल्यापर्यंत सगळेच मामा म्हणायचे. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, दारं लावायची, दारं उघडायची. पडद्याकडे त्यांची कायम पाठ. "सिनेमा काय, तोच असतो," ते म्हणायचे, "माणसं रोज नवी येतात." रडण्याच्या जागेआधीच रुमाल काढून कोण बसलंय, कुठलं जोडपं सिनेमा बघायला आलेलंच नाही, कुणाला झोप लागलीय, सगळं त्यांना अंधारात कळायचं.

वर केबिनमध्ये ऑपरेटर होता, त्यांचा जुना दोस्त. पूर्वीच्या यंत्रात कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचे, त्या काळापासून त्याचे हात काळे, म्हणून त्याचं नाव कार्बन. या दोघांची बॅटरीची एक भाषा होती. मामांनी बॅटरी एकदा मिचकवली की चित्र पुसट आहे, दोनदा मिचकवली की आवाज वाढव, गोल फिरवली की झकास चाललंय. कार्बन झरोक्यातला छोटा दिवा मिचकवून उत्तर द्यायचा. पुलावरच्या लढाईला मामांची बॅटरी न चुकता दोनदा मिचकायची आणि तलवारींचा खणखणाट खुर्च्यांच्या लाकडात शिरायचा.

हा सिनेमा उतरला की थिएटर कायमचं बंद होणार होतं. मालकाने जागा विकली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवीन, चकाचक, चार पडद्यांचं थिएटर उघडणार होतं. जुन्या थिएटरात आता मॅनेजर सोडला तर चारच माणसं उरली होती: मामा, कार्बन, तिकीट खिडकीत बसणाऱ्या खिडकीबाई आणि कँटीनवाला सोडा. हे चौघे एका दुपारी कँटीनच्या टेबलाभोवती बसले आणि सोडा म्हणाला, "नवीन थिएटरवाल्यांनी घेतलं तर चौघांना. एकेकटं कुणी जायचं नाही. घाला हात." खिडकीबाईंनी हात ठेवला, त्यावर सोडाने, त्यावर कार्बनने. सगळ्यात वर मामांनी.

"वरचा हात माझा होता गं," मामा मला नंतर कितीदा तरी म्हणाले आहेत. जणू खालचा असता तर भार कमी झाला असता.

कारण पुढच्याच आठवड्यात नवीन थिएटरच्या माणसाने मामांना बोलावून घेतलं. जिना चढून गार खोली, गुबगुबीत खुर्ची, समोर चहा. तो म्हणाला, "तुमच्यासारखं अनुभवी माणूस आम्हाला हवंच आहे. जागा एकच आहे. सोमवारपासून याल ना?"

मामा म्हणाले, "हो."

मामांच्या "हो"ची गंमत अशी की तो विचार करून निघतच नाही. आयुष्य दारात गेलं. मागे जागा आहे का? हो, या. पंखा चालू आहे ना? हो. सुरू झाला का हो? हो, नुकताच, चला. बाकीच्या तिघांबद्दल बोलायचं म्हणून त्यांनी घरून एक वाक्य पाठ करून नेलं होतं. "हो" पुढे सटकला आणि ते वाक्य मागे राहिलं. रस्त्यावर आल्यावर त्यांना ते आठवलं. परत वर जाऊन सांगता आलं असतं. जिना होता, माणूस होता, चहाचा कपही अजून उचलला नसेल. मामा क्षणभर जिन्याकडे बघत उभे राहिले आणि घरी आले.

तोंडाची सवय म्हणावी, तर पायांना काय झालं होतं? हा प्रश्न त्यांनीच मला विचारला होता.

तेव्हापासून पुलावरची लढाई त्यांना नकोशी झाली. कोवळा सैनिक पळायला लागायच्या बेतात आला की ते दाराबाहेर जाऊन उभे राहायचे. पण हुर्यो जाड दारातूनही ऐकू यायची. सिनेमा तुफान चालला होता. बंद होणारं थिएटर बघायला म्हणूनही लोक येत होते. रोज नवी माणसं आणि रोज तीच शिवी.

कँटीनमध्ये सोडाच्या ते लक्षात आलं. "मामा लढाईला बाहेर का येतात हल्ली?"

"हळवं झालंय म्हातारं," कार्बन म्हणाला. "मेलेले सैनिक बघवत नाहीत त्याला."

"अहो, रंग असतो तो," खिडकीबाई मामांची समजूत घालत म्हणाल्या. "आणि मेलेल्यांचं काय वाईट वाटून घ्यायचं? नाव झालं त्यांचं. तो पळपुटा बघा, त्याला मरणही आलं नाही आणि अब्रूही राहिली नाही."

मामांनी बशीत ओतलेला चहा काठावरून टेबलावर सांडला. सोडाने फडकं पुढे केलं. त्या तिघांच्या मनात काही असतं तर विचारलं असतं.

घरी मामी म्हणाली, "सांगून टाका की. खाणार आहेत का तुम्हाला?"

"खाल्लं तर बरं होईल."

"मग नका जाऊ सोमवारी. नाही म्हणून कळवा."

मामांना नाही म्हणायचं नव्हतं, हीच तर अडचण होती. दाराशिवाय आपण घरात दिवसभर करणार काय, हे त्यांना सुचत नव्हतं. मामीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे नोकरी पण पाहिजे आणि शिव्या पण पाहिजेत. बसा मग."

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी मामा केबिनचा जिना चढून वर गेले. कार्बन रीळ चढवत होता.

"तो कापलेला तुकडा आहे ना तुझ्याकडे?"

"कुठला?"

"पळणाऱ्याचा."

हे फक्त त्या दोघांना माहीत होतं. सिनेमा लांबलचक होता आणि मॅनेजरला दिवसात एक खेळ जास्त बसवायचा होता. तेव्हा कार्बनने पहिल्याच दिवशी इथून तिथून थोडं थोडं छाटलं. पळण्याच्या आधी एक प्रसंग होता. सेनापती त्या पोराला बाजूला ओढतो आणि म्हणतो, "तू जा. आम्ही इथे उभे होतो, हे सांगायला कुणीतरी उरलं पाहिजे." पोरगा नाही म्हणतो, सेनापतीचे पाय धरतो. सेनापती त्याच्या मुस्कटात मारतो, त्याची ढाल काढून घेतो आणि त्याला ढकलतो. नुसतं बोलणंच आहे, कुणाला कळणार, म्हणून कार्बनने ते उडवलं. पळणंही उडवलं असतं. पण फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या थोडी पुढे छापलेली असते आणि पळण्याखाली सलग संगीत होतं. तिथे जोड दिला तर ते कानाला ठेचकाळलं असतं. म्हणून पोरगा नुसताच पळायचा, कुणी न पाठवता. संगीत वाचलं, पोरगा बुडाला.

"आता दोन दिवस राहिलेत, आणि तुला तुकडा आठवला?" कार्बन हसला. "लोकांना मजा येतेय की. शिव्या द्यायला एक माणूस हवाच असतो."

"त्याने काही केलेलं नाही."

"तुझा कोण लागतो तो?"

"जोड ना रे. तुझं काय जातं?"

कार्बनने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं, मग कपाट उघडून गुंडाळी काढली. कडा खरवडल्या, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलं, दाबून धरलं. "मॅनेजर ओरडला तर तुझं नाव सांगणार," तो म्हणाला.

त्या दुपारच्या खेळाला मामा बाहेर गेले नाहीत. कितीतरी वर्षांनी पडद्याकडे तोंड करून मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. सेनापतीने पोराला ओढलं. बोलला. पोराने पाय धरले. थप्पड बसली तशी पुढच्या रांगेत कुणीतरी "आई गं" म्हणालं. थिएटर चिडीचूप. पोरगा पळायला लागला आणि त्या शांततेत, जिथे रोज पहिली शिवी उठायची तिथूनच, एक भसाडा आवाज आला:

"पळ रे! पळ!"

मग दुसरा, मग चारीकडून. "पळ बाळा! थांबू नको!" बायका खुर्चीतून उठल्या होत्या. पडद्यावर मागे पूल पडत होता आणि लोक त्या पोराला वाळूतून पुढे ढकलत होते.

मामांना वाटलं होतं की ऐकून बरं वाटेल. झालं उलटंच. इतके दिवस त्या पोराच्या आडोशाला ते उभे होते. त्याच्या वाटच्या शिव्या आपल्याच आहेत, असं समजून रोज थोड्या खात होते आणि थोडं फिटल्यासारखं वाटत होतं. आता तो पोरगा स्वच्छ निघून गेला. त्याला कुणीतरी पाठवलं होतं.

लोक बाहेर पडताच ते केबिनमध्ये गेले आणि दारातच उभे राहून सगळं सांगून टाकलं. गार खोली, एकच जागा, "हो", जिना.

कार्बन रीळ उलटं गुंडाळत होता. हात थांबला नाही.

"कुणी पाठवलं होतं का तुला?"

"नाही."

"आम्हाला विचारलं असतंस तर पाठवलं असतं."

कार्बनने गुंडाळलेलं रीळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं. "मला एकट्याला सांगून हलका होऊ नकोस. खाली जा. त्या दोघांनाही सांग."

मामा खाली गेले आणि त्यांनी सांगितलं. खिडकीबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चला, एकाची तरी सोय झाली." हे त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मामांना त्यांच्याकडे बघवेना. मामांच्या समोरचा अर्धा प्यायलेला चहा उचलून सोडाने मोरीत ओतला आणि कप धुवायला घेतला.

शेवटच्या दिवशी थिएटर खच्चून भरलं होतं. पुलावर ढाली टेकल्या, तशी मामांच्या अंगठ्याने सवयीने बॅटरी दोनदा मिचकवली. झरोक्यातला दिवा लागला नाही. आवाज वाढला नाही. मामांनी पुन्हा मिचकवली नाही. सैनिक तसेच हळू आवाजात मेले. पोराला थप्पड बसली, पोरगा पळाला, लोक ओरडायला लागले, "पळ रे! पळ!" आणि तेवढ्यात वरून, झरोक्यातून, घसा फाडून एक आवाज आला:

"पळाला रे पळाला!"

लोकांनी माना वळवून वर बघितलं. कुणीतरी "ए गप!" म्हणालं. काहीजण हसले. त्यानंतर तलवारींचा आवाज एकदम वाढला, इतका की खुर्च्या थरथरल्या. ते मामांच्या बॅटरीला दिलेलं उत्तर होतं, की मामांना झालेली ती हुर्यो झाकायला दिलेला आवाज होता, कोण जाणे. मी कार्बनला एकदा विचारलं. तो म्हणाला, "बटण जाम झालं होतं."

मामा सोमवारी नवीन थिएटरात रुजू झाले. तिथे पायऱ्यांनाच दिवे आहेत, माणसं आपापली जागा शोधतात. बॅटरी फक्त कुणाचा मोबाईल खुर्चीखाली पडला तर लागते. मागे वर काच आहे, पण काचेमागे कुणी नसतं, यंत्र आपलं आपण चालतं. लढाई आली की मामांचा अंगठा अजूनही दोनदा दाबला जातो. एका बाईने तक्रार केली की तुमचा माणूस उगाच भिंतीवर उजेड पाडतो.

खिडकीबाई आता भाचीकडे असतात. सोडा मामांना बघून रस्ता ओलांडतो, अगदी गाडी येत असली तरी. कार्बन पंखे दुरुस्त करतो. मंडईच्या तोंडाशी त्याची टपरी आहे. परवा मामांबरोबर मी तिथून जात होते, तेव्हा त्याने भर गर्दीत हाक मारली.

"ए पळपुट्या!"

दोन-चार माणसं थबकून बघायला लागली. मला राग आला. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तोवर मामा वळले होते.

"हो," ते म्हणाले आणि टपरीकडे चालायला लागले.