कोपराचा कोन

सराफ्यातून छत्रीबागेत घरी येताना आमचा टांगा उलटला. घोडा बुजला आणि चाक नालीत गेलं. आई त्याच संध्याकाळी इस्पितळात वारली. माझं उजवं कोपर मोडलं. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते.

प्लास्टर काढलं तेव्हा हात काटकोनात अडकून बसला होता. ना सरळ होई, ना तोंडाशी पोचे. दर सोमवारी बाबा मला डॉक्टरांकडे नेत. बाबा होळकरांच्या वेळेपासून हिशेबखात्यात होते. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, कचेरीवरची पाटी बदलली, ते मात्र त्याच खुर्चीवर राहिले.

डॉक्टरांकडे हात किती वाकतो ते मोजायचं पोलादी यंत्र होतं. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात, तसं. एक पट्टी दंडाला, दुसरी मनगटाकडे आणि मधली खीळ कोपराच्या हाडावर. पट्टी गार लागे.

"मोडो बेटी, जितना मुडे," डॉक्टर म्हणत. मग आकडा सांगत.

घरी भेटायला येणाऱ्यांना बाबा तोच आकडा सांगत. "मागच्या खेपेपेक्षा थोडा जास्त वाकतोय." कोणी आईचा विषय काढला की ते फिरून कोपरावर येत. मला दुखायचं, पण ते दुखणं शेजारच्या घरात कोणाला तरी होतंय असं वाटे. रडू येत नव्हतं. डाव्या हाताने जेवायचं नाही म्हणून बाबा मला भरवत. ते घास पुढे करत, मी तोंड उघडत असे.

एका सोमवारी डॉक्टरांनी यंत्र लावलं, काढलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"अब इससे आगे नहीं जाएगा."

"एक बार और नापिए, डॉक्टरसाब," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बाबा बसले, ते उठेचनात. मग म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मी तुझ्याजवळ होतो. तुझा हात बांधत होते. पलीकडच्याच खोलीत होती ती."

मी बाकाच्या उडालेल्या हिरव्या रंगाकडे बघत होते.

"चला बाबा, उन्हं चढतील," एवढंच मी म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी घास पुढे केला, तेव्हा मी ताट स्वतःकडे ओढलं आणि डाव्या हाताने जेवू लागले. मावशी आईच्या दिवसकार्यापासून आमच्याकडेच राहिली होती. तिने तोंड फिरवलं. बाबा बघत राहिले, मग त्यांनी ताटात भात वाढला.

हात तसाच राहिला. पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, खांद्यातून हात फिरवून फळ्यावर लिहायला शिकले. बाबा त्या बाकावरचं पुन्हा कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.